खंडेनवमीचं शटर

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड खाली उतरलं पाहिजे, ही रीत रखमाजींनी गावाहून जालन्याला आणली होती. गावी त्या दिवशी आढ्याला खोचलेले विळे उतरत. माळ्यावरचे तिफणीचे फण, पहार, कुऱ्हाड सगळं उतरे. विहिरीवरचं इंजिनसुद्धा धाकटा लेक तातेराव निम्मं खोलून ठेवी. मग धुवायचं, तेलाचा हात फिरवायचा, अंगणात जमिनीवर मांडायचं आणि हळद-कुंकू वाहायचं. टांगलेल्या लोखंडाला पूजा पोचत नाही, असं रखमाजींचे वडील म्हणत. का, ते कोणी विचारलं नव्हतं. पण वर्षातून एकदा प्रत्येक वस्तू खोलली जायची म्हणून असेल, त्यांच्या घरातलं अवजार ऐन पेरणीत कधी मोडलं नव्हतं.

अंबड रोडवरचं घर बांधल्यापासून मात्र एक लोखंड दरवर्षी टांगलेलंच राहत होतं. थोरला लेक धर्मराज, त्यानं जीप ठेवायला घराला लागून गॅरेज काढलं आणि त्याला शटर बसवलं. आख्ख्या ओळीत तेव्हा तेवढं एकच शटर होतं. लोक बघायला यायचे. त्याची बायको प्रभावती एका हातानं ओढायची आणि क्विंटलभर लोखंड खडखडत वर जाऊन गुंडाळी होऊन बसायचं.

आणि श्रावणात तेच शटर प्रभावतीच्या पायावर कोसळलं होतं.

"तीन वर्षं उपाशी ठेवलं त्याला," रखमाजी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. "वर टांगल्या टांगल्या कुंकवाचं बोट लावलं अन् झालं. मंग ते काय करंल?"

"आबा, ते काय देवाला सोडलेलं जनावर हाय का उपाशी राहायला?" धर्मराज घरात जायच्या दारात उभा होता. दुकान बंद, अंगावर नवा सदरा, पण तोंड उतरलेलं. "दसरा झाला की मिस्त्रीला बोलावतो. तो बघंल."

"श्रावणापासून मिस्त्री येऊन राह्यला तुझा."

"सीझन होता दुकानाचा. बियाणं सोडून शटर बघत बसू?"

"म्हणून तात्या आलाय." रखमाजींनी धाकट्या लेकाकडं बोट दाखवलं. "आजच्या दिवशी मिस्त्री हत्याराला हात लावणार न्हाई. त्याचं हत्यार आज पाटावर असतं. अन् आपण करून राह्यलो ते काम न्हाई. पूजा हाय."

तातेराव गावाहून सकाळच्या एसटीनं आला होता. पिशवीत पाने, पक्कड, पाईप पाना आणि फडक्यात बांधलेलं ग्रीस. हत्यारं आधी धुऊन, कुंकू लावून घेतलेली. शिडी भिंतीला लावून तो वरच्या पाईपकडं बघत होता. दोन भिंतींमध्ये आडवा जाडजूड पाईप, त्यावर चार लोखंडी डबे आणि डब्यांवरून खाली उतरलेलं पत्र्यांचं शटर. पाईपची दोन्ही टोकं भिंतीतल्या पकडीत बोल्टनं आवळलेली.

"चार बोल्ट हाय दादा," तो म्हणाला. "इंजिनाचं हेड मी अंधारात चाचपून खोलतो. हे चार बोल्ट म्हंजे काय?"

"इंजिन वेगळं, हे वेगळं."

"हा. इंजिन आमचं. हे तुमचं."

घराचे वाटे झाले नव्हते, पण बोलण्यात कधीचे झाले होते.

"शटर खाली ओढून घे रे," रखमाजी म्हणाले. "त्याच्या अंगावर स्वस्तिक काढायचं हाय. अन् रस्त्यावरच्यांनी बघाया नको, हे कशाला खोलून राह्यले म्हणून."

तातेरावनं शटर खाली ओढलं. जीप धुऊन, झेंडूची माळ घालून बाहेर रस्त्यावर उभी होती, ती दिसेनाशी झाली. गॅरेजमध्ये झरोक्यातून येईल तेवढाच उजेड राहिला.

*

प्रभावती स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. पुरणाचं पातेलं खाली उतरवून ती दारापर्यंत आली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून आतल्या बाजूलाच थांबली.

तिच्या डाव्या पावलाची दोन बोटं अजून वाकत नव्हती. त्या दिवशी शटर वर होतं आणि ती खाली रांगोळी काढत होती. कोणी हात लावला नव्हता. वरून तार तुटल्यासारखा एक आवाज आला, तिनं मान वर केली, आणि अंग मागं घेता घेता पाऊल तेवढं राहिलं. धर्मराजनं दवाखान्यातून आणल्यावर विचारलं होतं, "जोरात सोडलं असशील तू. नीट लावलं न्हाई का वर?" त्यानंतर त्या विषयावर दोघं बोलले नव्हते.

शटर ह्या घरात तिच्याइतकं कोणी ओढत नव्हतं. सकाळी ती उघडायची, संध्याकाळी लावायची. खाचेत डाव्या बाजूला गुडघ्याच्या उंचीवर ते अडतं, तिथं चप्पल मारली की सुटतं, हे तिला ठाऊक होतं. जवळच्या जिनिंगमधला कापूस उडत येतो आणि खाचेत तिनं सोडलेल्या गोडेतेलात चिकटून बसतो, हेही तिनं पाहिलं होतं. श्रावणापासून ते एका हातानं वर जात नव्हतं. दोन्ही हात आणि कंबर लावावी लागत होती. हे तिनं धर्मराजला दोनदा सांगितलं. मग सांगणं सोडलं.

"मामा बराबर बोलून राह्यले," ती दारातून म्हणाली. "उतरवा एकदा खाली. माझा पाय गेला, उद्या कोणाचं डोकं जाईल."

धर्मराजनं वळून पाहिलं. "तू बी त्यांच्यात का?"

"ज्याचा पाय त्याला कळतं."

"बघ," रखमाजी म्हणाले. "सून माझ्याकडून हाय."

तातेराव हसला आणि शिडी चढला. उजव्या टोकाचे दोन बोल्ट त्यानं बघता बघता सैल करून काढले. काही झालं नाही. पाईप जागचा हलला नाही. डाव्या टोकाच्या पकडीनं तो घट्ट धरलेला होता. तातेरावनं ते काढलेले बोल्ट खिशात टाकले आणि शिडी उचलून डावीकडं नेली.

"निम्मं झालं," तो म्हणाला. "उगाच बोभाटा केला ह्याचा."

*

बेबीनंदा मागच्या अंगणात घागर घासत होती. ती तातेरावची लेक. बारावीनंतर शिकायला म्हणून ती मोठ्या चुलत्याकडं, धर्मराजकडं राहिली; त्याला ती बापू म्हणायची, प्रभावतीला मोठ्याई. ह्या उन्हाळ्यात बीएस्सी झाली, पदार्थविज्ञान घेऊन. गावी तातेरावला लोक विचारायचे, लेक कोणाची म्हणायची आता? तो हसून म्हणायचा, शिक्षण दादाचं, पोरगी माझी. पण दर सणाला जालन्याला आला की ती कोणाच्या बाजूनं बोलते, हे तो मनाशी टिपून ठेवायचा.

घर नवीन होतं तेव्हापासून बेबीनंदाला ह्या शटरचं कोडं होतं. क्विंटलभर लोखंड. मोठ्याई एका हातानं उचलते. मोठ्याईच्या हातात काही क्विंटलभर जोर नाही. मग उरलेलं कोण उचलतं? एकदा दुपारी कोणी नसताना ती स्टुलावर चढून डब्यांच्या उघड्या बाजूनं आत बघून आली होती. आत घड्याळात असते तशी, पण तिच्या पंजाएवढ्या रुंद पट्टीची पोलादी स्प्रिंग. आतलं टोक पाईपला अडकवलेलं, बाहेरचं डब्याला. शटर खाली येताना डबा फिरतो आणि स्प्रिंगला पीळ भरतो. वर नेताना तो पीळ परत मिळतो. म्हणजे खाली येताना शटरचं वजन कुठं जात नाही, वर जाऊन बसतं आणि वाट बघतं. हे कळलं तेव्हा स्टुलावरच तिच्या अंगावर काटा आला होता. रात्रभर घर झोपलेलं असताना तो पीळ तिथं जागा असायचा, कोणाला पत्ता नाही.

घागर घेऊन ती आत आली तेव्हा प्रभावतीच्या खांद्यावरून तिला गॅरेज दिसलं. झरोक्याचा उजेड, बंद शटर, शिडीवर पाठमोरे अण्णा, तिचे वडील.

"काय चाललंय मोठ्याई?"

"शटर उतरवून राह्यले. पूजेला."

घागर तिनं तिथंच ठेवली.

"अण्णा, थांबा. शटर खाली असताना नका खोलू."

"तू बी आली का?" तातेरावनं वळून पाहिलं नाही. डावीकडचा एक बोल्ट काढून त्यानं खिशात टाकला होता, दुसरा गंजून बसला होता. पाईप थोडा मागंपुढं केला तर बोल्ट मोकळा होईल म्हणून त्यानं पाईपला पाईप पाना लावला होता. विहिरीवर जाम बसलेली वस्तू तो अशीच हलवून सोडवायचा. "तुझ्या बापूनं शिकवलं का हे?"

"बापूंनी नाही. अण्णा, पीळ भरलेला असतो त्यात. शटर खाली म्हणजे पीळ पुरा. पाईप सुटला तर—"

"पाईप भारी असतो, मला म्हाईत हाय. मी धरतो की."

"वजनाचं नाही म्हणत मी."

"अगं सांगून राह्यली तर ऐक ना तात्या," धर्मराज दारातून म्हणाला.

तेवढ्यानंच बिघडलं. दादानं बाजू घेतली म्हटल्यावर तातेरावच्या जबड्याचं हाड वर आलं. त्यानं एका हातानं बोल्टला शेवटचा हिसका दिला.

रखमाजी मात्र बेबीनंदाच्या एका शब्दापाशी अडकले होते. "पीळ? कसला पीळ गं?"

ती त्यांच्याकडं वळली. "आबा, चऱ्हाट वळताना आकडी फिरवतो ना आपण. पीळ पुरा भरला आणि आकडी हातातून सुटली तर?"

रखमाजींनी आयुष्यभर चऱ्हाटं वळली होती. ते खुर्चीतून अर्धे उठले.

"तात्या, हात काढ तिथला!"

वर लोखंडात काहीतरी कण्हलं.

*

पुढं कित्येक वर्षं तातेराव हा क्षण सांगायचा तेव्हा म्हणायचा, मला वाटलं कोणीतरी भिंतीच्या आतून पाना ओढला.

बोल्ट निसटला आणि पाईप फिरला. पावच वेढा. पाईप पान्याची हातभर लांब दांडी खालून उसळून त्याच्या हनुवटीकडं आली आणि त्यानं ती दोन्ही हातांनी दाबून धरली. विचार करून नाही. बैल उधळला की कासरा जसा आपोआप धरला जातो तशी. धरल्यावर कळलं की हे बैलासारखं नाही. बैल हिसके देतो, मध्ये दम घेतो. हे दम घेत नव्हतं. एकसारखं, न थकता, दांडी वर येऊ बघत होतं, आणि त्याच्या तळहातांतून, कोपरांतून, खांद्यांतून शिडीच्या पायरीपर्यंत एक बारीक थरथर उतरत होती. जीव नसलेल्या वस्तूला एवढा जीव असतो, हे त्याला चाळीस वर्षं हत्यारं हाताळून आज कळलं.

"बेबे," तो म्हणाला. आवाज अगदी हळू आला. "हे मला सुटत न्हाई."

"सोडू नका अण्णा. काही झालं तरी सोडू नका."

"तोंडावर येऊन राह्यलं गं."

"सगळं अंग टाका त्यावर. खाली दाबून ठेवा. हलू द्यायचं नाही, एवढंच."

धर्मराज शिडीकडं धावला. "सरक तात्या, मी बी धरतो."

"बापू, नाही!" बेबीनंदाचा आवाज चढला. ह्या घरात मोठ्या माणसांसमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. "एका शिडीवर दोघं नका. शिडी सरकली तर सगळंच जाईल. तुम्ही शटर वर करा."

"शटर?" धर्मराज थांबला. "स्प्रिंग सुटली ना आता? क्विंटलभर पत्रा हाय तो. दहा माणसं लागतील."

"सुटली नाही. अण्णांनी धरलीय."

धर्मराजला ते समजलं नाही.

"शटर वर गेलं की पीळ उतरतो," ती भराभर बोलत होती, पण शब्द एकेक वेगळा येत होता. "पीळ उतरला की अण्णांच्या हातातला जोर कमी होतो. दुसरा रस्ता नाही. पण पत्र्याच्या खाली कोणी उभं राहायचं नाही. डोकं, पाय, काही आत नको. बाजूला राहून उचलायचं."

धर्मराजनं रखमाजींकडं पाहिलं. अशा वेळी हे घर रखमाजींकडंच बघायचं.

रखमाजींचा एक हात खुर्चीच्या पाठीवर होता. ते वर बघत होते, लेकाच्या मनगटांवर उठलेल्या शिरांकडं. मग त्यांनी मान नातीकडं वळवली.

"ती म्हणती ते करा," ते म्हणाले. "जल्दी."

*

आतली कडी काढून धर्मराज शटरच्या उजव्या कडेला वाकला. डाव्या कडेला कोण, असं त्यानं म्हणायच्या आत प्रभावती पदर खोचून तिथं पोचली होती.

"तुझा पाय," तो म्हणाला.

"पाय बाहेर हाय. तुमचा बघा."

दोघांनी खालच्या पट्टीला हात घातले. धर्मराजनं दम भरला, दात आवळले, कंबर घट्ट केली आणि सगळा जोर लावून उचललं.

पट्टी जमिनीवरून उठली, इतक्या अलगद की त्याचा तोल मागं गेला.

तो त्या पट्टीकडं बघतच राहिला. वजन होतं, पण थोडंसं, पोतं दोघांनी धरल्यावर एकाच्या वाट्याला येतं तसं. बाकीचं वजन कोणीतरी वरून ओढत होतं. त्यानं मान वर केली. शिडीवर तात्या दांडीवर छाती टेकवून वाकला होता, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. तो तिथं जे खाली दाबत होता तेच इथं पत्रा बनून वर येत होतं. कित्येक वर्षांत त्या दोघांनी मिळून एक पोतंही उचललं नव्हतं.

"तात्या," धर्मराज म्हणाला, "हे तू उचलून राह्यला रे."

"गप," तातेराव दातांतून म्हणाला. "उचल."

पत्रा गुडघ्यापर्यंत आला आणि डावीकडं अडकला. उजवी बाजू पुढं गेली, शटर तिरकं झालं आणि वर तातेराव कळवळला. "अरं, काय केलं? धक्का बसला!"

"थांबा, ओढू नका!" बेबीनंदा ओरडली. "तिरकं झालं तर खाच सुटेल."

"मला म्हाईत हाय ते," प्रभावती म्हणाली. "उजवीकडून बोटभर खाली घ्या. घ्या हो, जरा. आता बराबर." तिनं पायातली चप्पल काढून खाचेवर एका ठरावीक जागी मारली. वाळलेल्या तेलाचा आणि कापसाचा काळा गोळा खाली पडला. "आता उचला."

शटर खडखडलं आणि वर निघालं. खालून उजेड आत आला, आधी फरशीवर, मग रखमाजींच्या धोतरावर, मग भिंतीवर. बाहेर रस्त्यावर माळ घातलेली जीप दिसली. शेजारच्या उषाबाई हातात ताट घेऊन जागीच थांबल्या होत्या.

वर तातेरावनं डोळे उघडले. दांडी मऊ होत होती. पत्रा कमरेला आला तेव्हा बैलाचा जोर गेला. छातीला आला तेव्हा गोऱ्ह्याचा उरला. डोक्याच्या वर गेला तेव्हा वासरू हाताला ढुसण्या देतं तेवढाच राहिला.

"उतरलं गं," तो म्हणाला. "उतरून राह्यलं. तू म्हणली तसंच."

"अजून सोडू नका," ती म्हणाली. "आता सोडलं तर शटर खाली येईल. आधी टेकू."

कोपऱ्यात गणपतीच्या मांडवाच्या लाकडी बल्ल्या उभ्या होत्या. बेबीनंदानं एक ओढून आणली आणि बाजूला उभं राहून पट्टीखाली डावीकडं लावली. दुसरी घ्यायला वळली तर ती आधीच येत होती. रखमाजींनी ती खांद्यावर घेतली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, चालताना गुडघा वाजायचा, पण बल्ली त्यांनी उजव्या पट्टीखाली अचूक बसवली आणि तळाशी पायानं ठोकून घट्ट केली.

"सोडा दादा हळूच," प्रभावती म्हणाली. नवऱ्याला ती कधी दादा म्हणत नव्हती. घाईत दिराच्या तोंडचं नाव तिच्या तोंडात आलं. कोणी हसलं नाही. दोघांनी हात काढले. बल्ल्या कुरकुरल्या आणि शटर त्यांच्यावर टेकून राहिलं.

*

उरला होता पाईप. तो अजून तातेरावच्या हातात होता.

बेबीनंदानं पाण्याचा रिकामा ड्रम उलटा घालून शिडीजवळ ठेवला आणि त्यावर चढली. धर्मराजनं ड्रम धरला. आता बाप-लेकीची डोकी एका पातळीवर आली. तातेरावच्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता आणि त्याला पुसता येत नव्हता. तिनं आपल्या ओढणीनं पुसला.

"बोल्ट कुठंय?"

"हा डावा पडला खाली. बाकीचे माझ्या खिशात. पाना कमरंला."

धर्मराजनं खाली वाकून बोल्ट शोधून दिला. बेबीनंदानं पकड सारखी केली.

"थोडा मागं फिरवा पाईप. अजून. बस, छिद्र आलं."

"एक एक पुरा आवळू नको," तातेराव म्हणाला. "हा थोडा, तो थोडा. न्हाईतर पकड वाकडी बसती."

"हा थोडा, तो थोडा," ती म्हणाली आणि तसंच केलं. ह्या कामात तिचा हात सराईत नव्हता. पाना दोनदा निसटला. प्रत्येक वेळी तातेरावचे खांदे आवळले गेले. मग धर्मराजनं ड्रम उजवीकडं नेला आणि तिकडचे दोन्ही बोल्ट तिनं तसेच चढवले.

उघड्या शटरमधून आता भरपूर ऊन आत येत होतं. उजवीकडच्या शेवटच्या डब्यात तिला काहीतरी दिसलं. ती वाकून बघत राहिली.

"बापू, बॅटरी द्या जरा."

धर्मराजनं दिली. डब्यातल्या पोलादी पट्टीचे वेढे एकसारखे नव्हते. एका जागी पट्टी सरळ तुटली होती आणि तुटलेल्या कडेवर तांबूस गंज चढला होता.

"मोठ्याई," ती हळूच म्हणाली, "श्रावणात तुम्ही काही केलं नव्हतं. चारातली एक स्प्रिंग तुटलीय. आजची तूट नाही ही, गंजलीय. तारेसारखा आवाज आला म्हणाला होतात ना, तो हाच."

प्रभावतीनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. ती पायाच्या त्या दोन बोटांकडं बघत राहिली. धर्मराज मात्र तिच्याकडं बघत होता.

"एक तुटली अन् तिघींनी एवढे दिवस धरलं," रखमाजी म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. देवळातही ते टोपी काढत नसत. "रोज माझी खुर्ची ह्याच्याखाली असायची. अन् ते वर… बाप रे." त्यांनी डब्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. "आमच्या बापानं हे पाह्यलं असतं तर खाली उतरवा म्हणला नसता. तोच उठून उभा राह्यला असता." मग ते लेकांकडं वळले. "आज आता कोणी त्याला हात लावू नका. दसरा झाला की मिस्त्री येईल. अन् धर्मा, आला न्हाई तर मी स्वतः जुन्या जालन्यात जाऊन दुकानाच्या पायरीवर बसंल."

"परवा आणतो," धर्मराज म्हणाला. "बिलकुल आणतो."

धर्मराजनं ड्रम परत डावीकडं आणला आणि बेबीनंदा वडलांजवळ चढली. चारही बोल्टवर तिनं पुन्हा एकदा जोर देऊन पाहिला होता.

"झालं अण्णा," ती म्हणाली. "सोडा."

तातेरावनं सोडलं नाही.

"सोडा की. बसला पाईप."

"हात उघडत न्हाई," तो म्हणाला. आणि तो ते चेष्टेनं म्हणत नव्हता. बोटं दांडीभोवती आवळलेली तशीच होती. पांढरी पडलेली, दुसऱ्याच कोणाची असावीत तशी.

"मी खालून दांडी धरतो, मंग सोड," धर्मराज म्हणाला.

"तू ड्रम धर दादा. पोरगी वर हाय."

तातेरावनं मान वळवून पकडीकडं पाहिलं. त्याच्या हातभर अंतरावर होती. दुसऱ्यानं आवळलेला बोल्ट तो कधी मान्य करायचा नाही. विहिरीवर मोठा मिस्त्री आला तरी तो गेल्यावर प्रत्येक बोल्टला स्वतः एकेक हिसका द्यायचा, आणि गावात त्यावरून त्याची थट्टा चालायची. आत्ताही त्याला फक्त थोडं पुढं झुकायचं होतं. बेबीनंदाला ते ठाऊक होतं. तिनं पाना त्याच्यापुढं धरला.

तो पान्याकडं बघत राहिला. मग तिच्याकडं.

"बराबर आवळलं का?"

"आवळलं."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

"मंग ते कशाला?" तो म्हणाला.

त्यानं एकेक बोट उघडलं. करंगळी आधी. शेवटचा अंगठा सुटला तेव्हा खाली सगळ्यांचे श्वास थांबले होते. रस्त्यावर उभ्या उषाबाईंचासुद्धा.

दांडी हलली नाही. पाईपवर आडवी, शांत, जिथं होती तिथंच राहिली.

तातेराव शिडीवरून उतरला. खाली आल्यावर त्यानं दोन्ही तळहात उताणे करून पाहिले. दांडीचे वळ मांसात उमटले होते आणि बोटं अजून बारीक थरथरत होती. प्रभावतीनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्याला तो धरता येईना. बेबीनंदा ड्रमवरून उडी मारून त्याच्यासमोर आली.

"भ्यालो न्हाई मी," तो तिला म्हणाला. आणि एखादी नवी वस्तू दाखवावी तसे ते हात त्यानं तिच्यापुढं केले. "धरून बघ. ते अजून गेलं न्हाई ह्यातून."

तिनं आपले हात त्याच्या हातांखाली धरले. थरथर तिच्या बोटांत आली. दोघं तसेच उभे राहिले, ती पुरती उतरेपर्यंत.